तीन काड्या आन् मांडीखालचे हात

दाजी, पडेगावपासून दौलताबादपर्यंत हुरड्याची आगटी पेटवावी तर ती मीच, दुसऱ्याचं कामच नाय. आता पेटवलेली आगटी विझवायची राहिली आन् माझी सोताची कडब्याची गंजी त्याच्यात जळून राख झाली, ती गोष्ट वेगळी.

त्या दिवशी सगळं गाव बादल्या घेऊन पळत आलं होतं. तुम्ही सायकलवरून उतरले. गंजीकडं बघितलं, मंग माझ्याकडं बघितलं आन् म्हणले, "पाव्हणं, आगटी झकास झाली. कणसं तेवढी कमी पडली."

दुसऱ्या कोणी असं म्हणलं असतं तर मी त्याला तिथंच आडवा केला असता. पण तुम्ही पडले माझ्या अक्काचे नवरे. दाजीला कोण बोलणार? आन् खरं सांगू का, मला रडू येऊ राहिलं होतं, तुमच्यामुळं हसू आलं. दोन म्हशी वैरणीवाचून उभ्या, आन् त्यांचा मालक खो खो हसू राहिला. दुसऱ्या दिवशी दारात कडब्यानं भरलेला टेम्पो उभा. कोणी धाडला, ड्रायव्हर सांगंना. मला कळलं होतं. तुम्ही कधी बोलले नाय, मीबी कधी विचारलं नाय. आता विचारतो, तर तुम्ही सव्वा महिन्यापूर्वीच निघून गेले. मला सगळं उशिराच सुचतं.

हे मी बोलू राहिलो आन् तुमची लेक तायडी मोबाईलवर उतरवून घेऊ राहिली. माझ्या शाळेचं तुम्हाला म्हाईतच हाय. बापानं शाळेत घातलं, तिसऱ्या दिवशी म्हैस हरवली म्हणून शोधायला घरी बोलावलं. म्हैस संध्याकाळपर्यंत सापडली. मी मात्र शाळेला परत सापडलो नाय. तुम्ही गुरुजी माणूस, तुम्ही लग्नानंतर मला धरून धरून सही शिकवली. सही अशी की बँकेतला साहेब म्हणतो, "मामा, हे नाव हाय का नकाशा?" तायडीला ताकीद दिली, माझं बोलणं सुधरायचं नाय. ती म्हणली, "मामा, सुधरायला बसले तर पुढच्या सालचा हुरडा येईल."

तर आगटी. तुम्हाला आठवतं का, पहिल्या साली तुम्ही आले आन् म्हणले, "पाव्हणं, बांधाकडचा एक कोपरा द्या. चौथीची चाळीस पोरं आणतो हुरडा खायला." मी म्हणलं आणा, गुळभेंडी ज्वारी हाय, कणसं दुधात आली, खाऊ द्या. मी सकाळीच चार खड्डे खांदले, गवऱ्या रचल्या, डिझेलची बाटली तयार ठेवली. तुम्ही आले, बाटली उचलली, माझ्या मोटारसायकलवर नेऊन ठेवली. पायानं चारी खड्डे बुजवले. माझी सकाळची मेहनत! म्हणले, "पोरं खांदतील."

मंग तुम्ही पोरांच्या चार टोळ्या केल्या. आधी पाण्याची बादली भरायला लावली, पोरींच्या वेण्या वर बांधल्या, आन् एका टोळीला तीन काड्या दिल्या. मोजून तीन. ओढायला एक रिकामी पेटी, भरलेली खिशात घातली. मला म्हणले, "तुम्ही बांधावर बसा. हात मांडीखाली घ्या."

"कामून?"

"तुमचे हात लई शहाणे हायत."

तवापासून दरसाली मी बांधावर, हात मांडीखाली. चार घंटे. रक्त थांबायचं, मुंग्या यायच्या, हाताला वाटायचं आपण मेलो. आन् समोर पोरांची ती तऱ्हा. एक पोरगं दरसाली असं निघायचंच, जे गवऱ्या भिंतीसारख्या गच्च रचायचं, फट म्हणून नाय. आत हवा जाईल कशी? काडी गेली. दुसरं पोरगं वाऱ्याकडं तोंड करून काडी ओढायचं. काडी गेली. कोणी कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्या घालायचं आन् सगळ्या टोळीच्या डोळ्यातून पाणी. पेटलीच एखादी तर जाळ दिसला रे दिसला की कणसं त्याच्यात टाकायची घाई. वरून कोळसा, आतून कच्ची. तुम्ही आपले पाठीमागं हात बांधून इकडून तिकडं. मी बांधावरून बोंबलायचो, "दाजी, सांगा ना त्यांला, जाळ बसू द्या, लाल आर होऊ द्या, मंग कणसं घाला!" तुम्ही म्हणायचे, "कोळसा खाऊ द्या की एकदा. जन्मात इसरणार नाय."

ह्याच्यावरून आपलं भांडण किती साल चाललं, दाजी! मी म्हणायचो, तुम्ही शिकवायचा पगार घेता आन् शिकवत तर काहीच नाय. पोरं उपाशी, धुरानं लाल, आन् गुरुजी हवा खाऊ राहिले. तुम्ही म्हणायचे, "पाव्हणं, वर्गात मी सांगतो आन् ती लिहितात. चूक झाली तर लाल शाई. हितं आग सांगती. आग कोणाला रागवत नाय, कोणाचे लाड करत नाय." मी म्हणायचो, माझी गंजी तर न रागवता खाल्ली. तुम्ही म्हणायचे, "म्हणून तर तुम्हाला आता कळतं, राखेवर उलटा हात ठेवल्याशिवाय उठायचं नाय."

हा तुमचा शेवटचा नियम. खाऊन झालं, पाणी मारलं, माती ओढली, तरी प्रत्येक पोरानं राखेवर उलटा तळहात ठेवायचा. गार लागली तरच घरी. हा नियम माझ्या गंजीतून निघाला, म्हणजे शाळेच्या शिक्षणात माझंबी योगदान हाय. हे मी गावात सांगतो. लोक चहा पाजत नाय, पण ऐकतात.

आता जे सांगायचंय ते सांगतो. तायडे, लिही.

एका साली चौथीत पल्लवी होती. वर्गात तोंड न उघडणारी. हजेरीला "उपस्थित" म्हणायची तेबी शेजारचीच म्हणायची तिच्यासाठी. आदल्या दिवशी अवकाळी शिंतोडे पडून गेले होते, गवऱ्या सर्द झालेल्या. बाकीच्या तीन टोळ्यांच्या आगट्या कशाबशा पेटल्या. पल्लवीच्या टोळीच्या दोन काड्या गेल्या. पोरं तिला म्हणली, तू लाव, तुझ्या घरी चूल हाय. तिसरी काडी तिच्या हातात. ती काडी हातात फिरवूनच बघू राहिली, दाजी. तुम्ही त्या टायमाला पलीकडं, एका पोराच्या चटका बसलेल्या बोटाला ओली माती लावत होते. पल्लवी काडी लावायला वाकली, टोळी सगळी तिच्या डोक्यावरून बघू राहिली, आन् मी मांडीखालून हात काढला.

शेजारच्या आगटीतला एक चांगला लाल विस्तव पत्र्यावर घेतला, आन् पलीकडच्या अंगानं त्यांच्या गवऱ्यांखाली सारला. परत येऊन बसलो. हात मांडीखाली. चेहरा असा, जसा मी देवळातच बसलो होतो.

पेटली की आगटी! पल्लवी ओरडली, "पेटली!" तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. तुम्ही पळत आले. तुमचं तोंड मी इसरणार नाय.

आन् मंग तुम्ही ती गोष्ट सांगू लागले. लग्नात, बारशात, छावणीच्या बाजारात भाजी घेता घेता. "ओल्या गवऱ्या, शेवटची काडी, आन् न बोलणारी पोरगी. पेटवली का नाय, पाव्हणं?" दरवेळी मलाच गवाह करायचे. मी म्हणायचो, "हौ, पेटवली." दरवेळी घशाशी यायचं, दरवेळी गिळायचो. एवढं गिळलं की माझं पोट सुटलं ते त्यानंच. अक्का म्हणती भाकरीनं.

दवाखान्यात तर मी ठरवूनच आलो होतो. मोसंबी घेतली, बसलो, म्हणलं दाजी एक सांगायचंय. तुम्ही डोळे उघडले, म्हणले, "पाव्हणं, पल्लवीची आगटी आठवती का?" मी म्हणलं, "आठवती." तुम्ही माझ्याकडं बघत राहिले. लई वेळ. मी मोसंबी सोलू लागलो. एक संपली की दुसरी. तीन मोसंब्या सोलल्या मी, खाणारं कोणी नव्हतं. शेवटी मीच खाल्ल्या. पेशंटची मोसंबी खाणारा सगळ्या दवाखान्यात मी एकटाच असंल.

तुम्हाला नेलं त्या दिवशीचं तुम्हाला म्हाईत नसंल, म्हणून सांगतो. लाकडं ओली निघाली. धूर नुसता. माणसं म्हणली, डिझेल आणा, आन् डिझेल म्हणलं की मी हजर. कॅन घेऊन पुढं झालो. तर तुमची तायडी, अग्नी द्यायला तीच उभी होती, ती म्हणली, "मामा, कॅन खाली ठेवा. वारा कुठून येतो ते बघा आधी." तिनं खालची दोन लाकडं सरकवली, हवेला वाट करून दिली, तुरीच्या वाळक्या तुराट्या सारल्या. एका काडीत, दाजी! तुमची तालीम तुमच्याच कामाला आली. मला हसू फुटलं. तोंडावर उपरणं दाबलं, खांदे हलू राहिले. लोक म्हणली, साळा बघा किती रडू राहिला. त्यांचंबी खरंच होतं.

दहाव्याला पल्लवी आली होती. मोठी झाली, शहरात नर्सिंग शिकती. हातात फुलं होती. ती दारात उभी राहिली. किती वेळ उभी होती, कोण जाणे. फुलं कुठं ठेवू, एवढं कोणाला विचारावं, तर नाय. अक्कानंच जाऊन तिच्या हातातून घेतली. मला तवा त्याचं काही वाटलं नाय. माझं डोकं म्हणजे ओली पऱ्हाटी, आधी धूर होतो, उजेड लई नंतर.

मंग शाळेतल्या मोठ्या बाईंचा फोन आला. "मामा, गुरुजी नाहीत. यंदा हुरडा राहू द्या. पोरांना आगीजवळ कोण सांभाळणार?"

मी म्हणलं, "मी हाय ना."

बाई म्हणल्या, "म्हणूनच विचारते."

मी लई गयावया केली. एक साल खंड पडला की मंग पडलाच, हे मला माझ्या शाळेवरून कळतं. शेवटी बाई म्हणल्या, मी आन् दोन मास्तर सोबत येतो, पण गुरुजींच्या पद्धतीनंच व्हायला पाहिजे. डिझेल दिसलं, काही उलटसुलट झालं, तर पुढच्या सालापासून बंद. मी म्हणलं कबूल. फोन ठेवला आन् मंग ध्यानात आलं. तुमचं एवढ्या सालाचं काम, आन् ते आलं कोणाच्या हातात? ज्याला दोन हात मांडीखाली ठेवणं जमलं नाय त्याच्या.

परवा झाली आगटी. अडतीस पोरं. अक्काबी आली, म्हणली घरात बसून काय करू. ती माझ्या शेजारी बांधावर बसली. किल्ल्यावर ऊन चढत होतं, वारा गार. मी पोरांना तुमच्यासारखं भाषण करायला उभा राहिलो, "पोरांनो, आग म्हणजे..." तर एक पोरगी, गौरी नाव तिचं, म्हणली, "मामा, तुम्ही बोलू नका. माझ्या भावानं सांगितलंय, मामा मधी मधी करतात." गुरुजींचा साळा म्हणून मी सगळ्या शाळेचा मामा, पण मान असा. बादल्या भरल्या, वेण्या बांधल्या, तीन तीन काड्या वाटल्या, बसलो. हात मांडीखाली.

आन् नेमकी गौरीचीच पेटंना. सगळ्यात मोठा आवाज तिचा. "आमची पहिली पेटणार, बघाच तुम्ही," म्हणून चौघडा वाजवून आलेली. खड्डा बांधाच्या आडोशाला सोडून भर वाऱ्यात खांदलेला. एक काडी गेली. दुसरी गेली. बाजूच्या तीन आगट्यांतून कणसाचा वास यायला लागला.

दाजी, माझ्या पायापासून दोन हातांवर लालबुंद विस्तव पडला होता. दोन हात! पत्राबी होता. बाई तिकडं पोरं मोजू राहिल्या होत्या. माझा उजवा हात मांडीखालून अर्धा बाहेर आला. अक्कानं फक्त माझ्या हाताकडं बघितलं. मी हात परत आत घेतला आन् त्याच्यावर असा दाबून बसलो की तो अजून दुखू राहिला.

तिसरी काडी गेली.

तुमच्या आगटीत तिन्ही काड्या गेलेली टोळी मी कधी बघितलीच नव्हती. म्हणजे एकदा तसं होऊ घातलं होतं, ते मीच होऊ दिलं नव्हतं. मला वाटलं आता पोरगी रडंल, मोठ्या बाई येतील, हुरडा बंद. गौरी बसली उकिडवी. ओठ आत ओढलेला. मंग उठली, एक वाळकी गवरी घेतली आन् शेजारच्या टोळीपुढं जाऊन उभी राहिली.

"विस्तव द्या."

तिथला एक पोरगा, तोंडाला काळं लागलेलं, म्हणला, "तू तर म्हणली होती आमची पहिली पेटणार?"

"म्हणले होते. आता देता का?"

"काय देशील?"

"दोन कणसं."

"चार."

"तीन. आन् तुमची कणसं जळू राहिली, आधी ती काढा."

पोरांनी पटकन कणसं काढली. खरंच जळू राहिली होती. मंग त्याच पोरानं काटकीनं विस्तव ढकलत ढकलत तिच्या गवरीवर दिला. गौरी वाऱ्याला पाठ करून चालू लागली, विस्तवापुढं हाताची आड धरून, एक एक पाऊल, जशी भरली घागर. तिच्या टोळीनं भिंतीसारखं उभं राहून वारा अडवला. कोणी शिकवलं नव्हतं. खालून एकेकानं फुंकर घातली, आळीपाळीनं. धूर, धूर, धूर, आन् मंग जाळ.

माझ्याकडं कोणी वळूनबी बघितलं नाय.

आन् तिथं बसल्या बसल्या माझ्या डोक्यात उजेड पडला, दाजी. माझ्या माईची चूल विझली की ती शेजारी विस्तव मागायला जायची. त्याची लाज नव्हती. विस्तव मागायचा, चार शब्द बोलायचे, यायचं. त्या साली मी मांडीखालून हात काढला नसता, तर पल्लवीची तिसरी काडी गेली असती. मंग तिला उठावं लागलं असतं. शेजारच्या टोळीपुढं उभं राहून तोंड उघडून म्हणावं लागलं असतं, विस्तव द्या. मी तिला जाळ दिला, आन् तिचे ते दोन शब्द खाऊन बसलो. पोरगी अजून दारात फुलं घेऊन उभी राहती.

आता ह्याच्यावर काय करणार? मी तिला फोन करणार हाय. तायडी नंबर लावून देणार हाय. पुढच्या साली ये म्हणणार, तुझी एक काडी माझ्याकडं राहिली म्हणणार. ती काही बोलणार नाय बहुतेक. मी थांबीन. थांबायला परवापासून शिकू राहिलो.

हुरडा झाला, झकास झाला. शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. गौरीच्या टोळीचा सगळ्यात उशिरा आन् सगळ्यात गोड, असं गौरीच म्हणली. मोठ्या बाई जाताना म्हणल्या, "पुढच्या वर्षी तारीख आधी कळवा." अडतीस पोरांनी राखेवर उलटे हात ठेवले. शेवटी मी ठेवला. गार होती.

पोरांची गाडी गेली. मी आन् अक्का राहिलो. मी अक्काला सगळं सांगून टाकलं, तो विस्तव, तो पत्रा, तुमची ती गोष्ट, दवाखान्यातल्या मोसंब्या. सांगता सांगता मी रडलो, दाजी. म्हणलं, अक्का, ते गेले, आन् त्यांना शेवटपर्यंत कळलंच नाय की त्यांच्या लाडक्या गोष्टीत मी खोट घातली.

अक्कानं पदरानं हात पुसले. म्हणली, "येड्या, काडी लावली पोरीनं अलीकडून आन् जाळ निघाला पलीकडून. एवढं गुरुजी माणसाला कळंना व्हय? त्याच दिवशी घरी येऊन हसत होते."

"मंग ती गोष्ट कामून सांगत हिंडायचे? तीबी मलाच गवाह करून?"

"तू बोलशील म्हणून. मी म्हणलं, सरळ विचारा की त्याला. तर नाय म्हणले, आपण काडी लावायची नाय. म्हणले, चाळीसची चाळीस पोरं पेटली, तुझा भाऊ तेवढा ओली गवरी निघाला, पण वाळंल. मी म्हणलं, बसा वाट बघत."